गोटा दळायचा की कुटायचा

दयाराम,

तुझा दहावा झाला आणि आज मी चक्की सुरू केली. इंजिन टुकटुक करतंय, बाया दळणाच्या टोपल्या घेऊन ओळीनं बसल्या आहेत, आणि दाराशी उभं राहून "बंद कर बे गफूर तुझा हा कारखाना, बोलणं ऐकू येत नाई" असं ओरडणारं कोणी नाही. दुपारपर्यंत मी दोनदा दाराकडे पाहिलं. मग स्वतःचाच राग आला आणि एका बाईला उगाच बोललो. ती बिचारी पीठ घेऊन गेली.

आपण दोघं सिंदेवाहीच्या एकाच शाळेत, एकाच पाटावर बसून शिकलो. तू पुढं त्याच शाळेत मास्तर झालास आणि मी चक्की टाकली. लिहायचं तू आणि बोलायचं मी, अशी वाटणी होती. आता वाटणीच मोडली, म्हणून मी लिहायला बसलो आहे. लिहिताना शाळेतली भाषा येते, ती सांभाळून घे. तुझ्या गोट्याबद्दल सांगायचं आहे. सगळं ऐक आणि मग काय रागवायचं ते रागव.

खालचा दगड सापडला तो दिवस मला चांगला आठवतो. तुमच्या बोडीची, त्या शेततळ्याची, पाळ फुटली होती आणि धानाच्या बांधीत माती उपसताना लक्ष्मणभाऊची कुदळ खणकन वाजली. लांबट, जाड दगड, मधे परातीसारखा खोलगट. लक्ष्मणभाऊ तुझा सख्खा मोठा भाऊ, पण तुझ्या उलट्या चालीचा. तो म्हणाला, "देव निंगाला," आणि शेंदूर आणायला माणूस धाडला. तू बैलगाडी जुंपून दगड घरी आणलास म्हणून, नाहीतर आज तो लिंबाखाली लालभडक होऊन बसला असता आणि त्याच्यापुढं नारळ फुटले असते. भाऊ तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही.

मीही तुला काही सुखानं बसू दिलं नाही. म्हटलं, "कोणाच्या तरी आजीचा पाटा असंन, कायले डोक्यावर घेऊन नाचतं?" तू माझा हात धरून त्या खोलगट भागावर फिरवलास. "छिन्नीची एक खूण दाखव. एक. हा कोणी कोरला नाई गफूर, हा झिजला हाय." मी खूप शोधलं. खूण नव्हती. दगड आतून तुळतुळीत होता, लहान पोराच्या गालासारखा.

तेव्हापासून तू चक्कीवर येऊन बसलास की माझ्या गिऱ्हाईकांची शाळा घ्यायचास. लोखंड नव्हतं, नांगर नव्हता, मडकंसुद्धा नव्हतं, तेव्हाची माणसं काय खात होती? रानातलं बी, कंद, चारोळी, मोहाची फुलं. ते चावून पोट भरत नाही, पोरांना आणि म्हाताऱ्यांना तर नाहीच. मग दगडावर दगड आला. खाली एक पसरट, वर एक मुठीत मावणारा. त्याच्यावर दाणा भरडायचा, कंद ठेचायचे, हाड फोडून आतला गर काढायचा, मुळी उगाळून जखमेला लावायची, गेरू वाटून अंगाला फासायचा. "तोंडाच्या बाहेर ठेवलेले दात होते ते," असं तू म्हणायचास. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं विचारलं होतं, "मंग मास्तर, त्यायच्या सासवा बी होत्या का, दळाले लावाले?" तेव्हा तू मास्तर असून डोकं खाजवत बसलास, आणि मी इंजिनाला टेकून पोट धरून हसलो होतो.

पण खालचा दगड एकटा होता. वरचा मिळेपर्यंत तुझा जीव खालीवर. पाऊस ओसरला की तू नाल्यात. पायाला जळवा, धोतराला चिखल. गावानं मास्तराचं डोकं फिरलं हे ठरवूनच टाकलं होतं. आणि एक दिवस तू भर दळणात आत शिरलास, माझा पिठानं भरलेला हात ओढलास, त्यात एक गोटा ठेवलास आणि म्हणालास, "मूठ मिट."

मी मूठ मिटली. दयाराम, तो स्पर्श अजून हातात आहे. अंगठा आपसूक एका जागी जाऊन बसला. तिथं खळगा होता, माझ्याच अंगठ्याच्या मापाचा. तू म्हणालास, "जागा केली नाई कोणी. झाली." माझ्या अंगावर काटा आला. तुला कळू नये म्हणून मी गोटा परत देत म्हटलं, "बरा हाय, वजनाले ठेवतो." तू शिव्या घातल्यास.

आणि मग ते भांडण लागलं, जे आपलं संपलंच नाही. गोट्याची एक बाजू गुळगुळीत होती आणि दोन्ही टोकं ठोकून ठोकून खडबडीत झालेली. दोन्ही कामं त्यानं केली होती हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. भांडण होतं ते पहिलं काम कोणतं, याचं. तू म्हणायचास, तो दळायलाच घेतला होता आणि ठोकाठोकी मागाहून झाली. मी म्हणायचो, तो कुटायचाच. चारोळीच्या बिया फोडायच्या, हाडं फोडायची, आणि फुरसत मिळाली तर घासायचं. "चक्कीवाला असून दळणाच्या विरोधात!" असं तू सगळ्या बाजारात सांगत फिरलास. मी म्हटलं, चक्कीवाला आहे म्हणूनच सांगतो, दळण ही काही हौसेची गोष्ट नाही.

त्यावरून देवधानाचा प्रकार झाला. बोडीच्या काठानं आपोआप उगवतं ते रानधान तू ओंजळभर आणलंस. "आजच्या आज निकाल लावू." पडवीत दगड मांडला, समोरासमोर बसलो. आधी तूस काढायला ते कुटावं लागलं, तर मी ओरडलो, "पाह्य, आधी कुटलंच!" तू म्हणालास, ते कांडण झालं, कांडण वेगळं. मग तू गुडघ्यावर बसून घासायला लागलास. खर्र खर्र असा आवाज. घाम गळून दगडावर पडत होता आणि पीठ काही पडत नव्हतं. तू दमलास की मी, मी दमलो की तू. शेवटी मूठभर भरड निघाली. सरूबाईनं, तुझ्या बायकोनं, ती पळसाच्या पानात थापून निखाऱ्यावर भाजून दिली. मी पहिला घास घेतला आणि कटकन आवाज झाला. दगडाची कच होती. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला.

मी तोंडावर हात धरून म्हटलं, "झाला निकाल! यानं दळलं असतं तर सारं गाव बोळकं झालं असतं तोंडानं." तुला हसता हसता ठसका लागला. तरी ऐकतोस कुठला? "त्यायचे बी दात झिजतच असतीन. दात झिजले तरी दळलं, याले म्हणते भूक." तो तुटका दात आजही जिभेला लागतो. तू गेल्यापासून जरा जास्तच लागतो.

एकदा मी चिडून विचारलं होतं, "दळला काय आन् कुटला काय, तुले काऊन एवढं पडलं?" तेव्हा तू हसला नाहीस. म्हणालास, "कुटणारा माणूस चालता चालता कुटते गफूर, आन् पुढं जाते. दळणारा बसते. बसला म्हंजे त्याचं तिथं घर हाय, संध्याकाळ हाय, वाट पाहणारं लेकरू हाय. वरच्या मुलखाचे लोक म्हणते का या झाडीत जंगलच होतं, माणूस नव्हता, राह्यलाच नाई कधी. मले दाखवाचं हाय का राह्यला होता. इथीच. आपल्या बोडीवर."  पण माझं मत बदललं नाही, हेही खरं. कुटणाऱ्यालाही लेकरू असतं की.

मग मार्कंड्याचं देऊळ पाहायला नागपूरहून जुन्या दगडांचे ते जाणते साहेब आले आणि तू सायकल दामटत तिकडं गेलास. परत आलास तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं होतं. म्हणाले होते, नुसता खालचा दगड असेल तर तो कोणत्याही जुन्या घरातला पाटा ठरेल. पण वरचा जोडीला आहे, त्याच्यावरची झीज बोलेल. दोन्ही जपून ठेवा, मी माघात येतो. तू पडवीत फळी मारलीस. तिच्यावर शेजारी शेजारी दोघं, थोरला आणि धाकटा. सरूबाई म्हणायची, देवघरापेक्षा त्या फळीला जास्त पुसतात.

दिवाळीच्या तोंडावर तुला थंडीताप आला. आपल्याकडं कोणाला येत नाही? मीही दरवर्षी दुलईखाली थरथरतो आणि उठतो. तूही उठशील असंच धरून चाललो होतो. खाटेवरून तू मला जवळ बोलावलंस. अंग तव्यासारखं तापलेलं. म्हणालास, "साहेब येईन, तं तू भांडजो त्याच्याशी. पण माझ्या बाजूनं." मी म्हटलं, "तू ऊठ, आन् तूच भांड." हो म्हणालो नाही. हो म्हणालो असतो तर तू जातोस हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तू डोळे मिटलेस आणि जरा हसलास, तेवढंच.

आता ऐक.

उमा नदीच्या घाटावर सगळी वाळू, हे तुला ठाऊक आहे. तिथं खडा मिळत नाही. म्हणून आपल्या गावात जीवखडा घरूनच नेतात. मडक्याला भोक पाडायचा तो दगड, ज्याच्यात गेलेल्याचा जीव दहा दिवस राहतो म्हणतात. लक्ष्मणभाऊ मडकं खांद्यावर घेऊन तुझ्याभोवती फिरत होता आणि मी बाजूला, जरा दूर उभा होतो. मुसलमान माणूस, जिथं उभं राहायचं तिथं उभा. मागून कोणीतरी भाऊच्या हातातला खडा घेतला आणि मडक्यावर मारला. मी त्याच्या मुठीकडे पाहिलं. अंगठा खळग्यात बसला होता.

मी एक पाऊल पुढं टाकलं. तिथंच थांबलो. मडक्यातून पाण्याची धार लागली होती, भाऊ रडत रडत चालत होता, आणि क्रिया मधेच थांबवून "अरे, तो गोटा सोडा" असं कोण म्हणेल? मी तरी कसा म्हणणार होतो? नंतर तुला पेटताना पाहिलं. दयाराम, खरं सांगतो, त्या वेळी मी तुझ्यासाठी रडत होतो की गोट्यासाठी, माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भटजींना गाठलं. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, खडा बदलता येतो का हो? ते म्हणाले, "कसा येईल? खडा हरवला तर सगळी क्रिया पहिल्यापासून करावी लागते. आणि गफूरभाऊ, तुम्ही कशाला विचारता?" मी म्हटलं, सहज. सरूबाईला पुन्हा पहिल्यापासून त्या कोपऱ्यात बसवायचं, तुला पुन्हा अधांतरी लटकवायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

तरी तुमच्या घरी, भाऊकडं गेलो. पडवीच्या आढ्याला फडक्यात गुंडाळून गोटा टांगला होता आणि खाली फळीवर थोरला दगड एकटा. भाऊनं मला पाट दिला. मी म्हटलं, "भाऊ, तो खडा…" आणि थांबलो. तोच म्हणाला, "वळखला ना तुमी? मी मुद्दाम घेतला. लोक म्हणे अंगणातला कोणताई घ्या. मी म्हटलं, काऊन? जिता होता तवा त्याचा सारा जीव याच्यातच होता. मेल्यावर दुसऱ्या दगडात कसा जाईन तो?" मग फडक्याकडं पाहून म्हणाला, "रोज पाणी देतो त्याले. बोलतो बी. जितेपणी त्या दगडापायी बोललो नाई, तेवढं आता बोलून घेतो."

सांग, काय बोलणार होतो मी? जन्मभर ज्यानं तुझ्या दगडांना धोंडे म्हटलं, त्यानं पहिल्यांदा तुझं मानलं होतं. चुकलास असं मी त्याला सांगितलं असतं तर तो जागच्या जागी मोडला असता. चहा प्यालो आणि उठलो. दारात सरूबाई होती. हळूच म्हणाली, "गफूरभाऊ, मले माहीत हाय तो गोटा कोणता हाय. मी कोणाले बोलू? तुमी तरी बोला." मी मान खाली घालून निघून आलो. घरी बायकोनं विचारलं, जेवता का, तर तिच्यावर खेकसलो.

दहाव्याला घाटावर पिंड मांडले. कहूच्या झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईना. भाऊ हात जोडून म्हणाला, सरूले अंतर देणार नाई. येईना. शेत विकणार नाई. येईना. ऊन चढलं. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. मला ठाऊक होतं तुझं काय अडलंय. ते भाऊच्या पायाशी, पानावर, तेल लावून चकचकीत ठेवलेलं होतं. मग भाऊ माझ्याकडं वळला. "गफूरभाऊ, तुमी दोस्त. तुमच्याजवळ काई बोलला असंन. तुमी बोला."

मी पुढं झालो. हात जोडले. गोटा वाचवतो असं म्हणावं तर ते खोटं. वाचवला नाही असं म्हणावं तर तू जन्मात खाली उतरणार नाहीस.  तोंडातून निघालं ते एवढंच, "दयाराम, तुझंच खरं. तो दळाचाच होता. मी हरलो."

आणि कावळा आला, लेका.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. भटजींनी मान डोलावली. मी काय बोललो ते कोणालाच कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. भाऊ म्हणाला, तुमी बी पाणी द्या. मी ओंजळ भरली आणि गोट्यावर सोडली. गुळगुळीत बाजू वर होती. ओल्या दगडावर बारीक रेघा दिसतात, तूच शिकवलं होतंस. घासल्याच्या रेघा टोकावरच्या ठोक्यांच्या खालून गेल्या आहेत की वरून, एवढं पाहिलं असतं तर निकाल लागला असता. शेवटची वेळ होती. पण डोळ्यांत इतकं पाणी होतं की काही दिसलं नाही. भाऊनं गोटा उचलला, कपाळाला लावला आणि डोहात टाकला. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून लांब, खोल टाकला.

मी खोटं बोललो, दयाराम. माझं मत अजून तेच आहे. मले राग येऊन राह्यला तो याचा, का तू मानलं कसं? एवढा हुशार माणूस तू, जन्मभर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाई, आन् त्या दिवशी लगेच खाली आला? विचारायचं होतं ना, "मनापासून म्हणतं का बे?" भांडायचं होतं ना आखीन थोडं. मी तयार होतो. दिवसभर भांडलो असतो त्या उन्हात.

आता माघात साहेब येईल. सरूबाई काल विचारून गेली, त्याले काय सांगाचं? मी म्हटलं, मी सांगतो. त्या दिवशी खाटेजवळ हो म्हणालो नव्हतो, ते आता म्हणतो. मी भांडीन, तुझ्याच बाजूनं. इथं माणूस बसला होता म्हणीन, त्याचं घर होतं, संध्याकाळ होती. साहेब खालचा दगड पाहील आणि म्हणेल, हा कोणाचाही पाटा असू शकतो, वरचा कुठं आहे? मी रिकामी मूठ मिटून दाखवीन, अंगठा कुठं बसत होता ते दाखवीन. तो म्हणेल, पुरावा काय?

मग मी त्याले माझा तुटका दात दाखवीन. तेवढाच राह्यला हाय. तो तुझ्या बाजूचा का माझ्या, ते साहेबाले नाई ठरवता येणार, आन् मले एकट्याले बी नाई.